जंतू नसताना

पीएचडीसाठी प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा विषयाचं नाव ऐकून लोकांना वाटायचं, ही दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी बघत असणार. सुरुवातीचे कित्येक महिने माझं काम निराळंच होतं. धातू घासायचा. खुब्याचे कृत्रिम सांधे ज्याचे करतात त्या कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची एक बुटकी कांडी, तिच्याखाली त्याच धातूची चकचकीत पट्टी, वरून वजन आणि बाजूला मोटर. कांडी पट्टीवर पुढे-मागे सरकत राहायची आणि भोवतालचं निर्जंतुक पाणी हळूहळू काळपट होत जायचं. ते काळं पाणी हा माझा कच्चा माल. त्यातले कण माणसाच्या पेशींना खायला घालायचे आणि पुढे काय होतं ते बघायचं, एवढाच प्रबंधाचा गाभा.

हे सगळं उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात चाललं होतं, आणि या विषयाला हाच मुलूख शोभतो. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवण्याचं आजचं शास्त्र जॉन चार्नली यांनी लँकेशरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात घडवलं. आधी त्यांनी सांध्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. घसरडं म्हणून निवडलेलं ते प्लास्टिक दोन-तीन वर्षांत भराभर झिजलं आणि त्याच्या चुऱ्याभोवती पेशींची दाटी होऊन आजूबाजूचं हाड पोखरलं गेलं. सुमारे तीनशे रुग्णांना ते सांधे बसवलेले होते. बहुतेकांचे पुन्हा उघडावे लागले. मग चार्नलींनी टेफ्लॉन आणि नव्याने हाती आलेलं पॉलिथिलीन, दोन्हींचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. टेफ्लॉनभोवती गाठ धरली, पॉलिथिलीन गप्प राहिलं. १९६२ पासून वाट्या पॉलिथिलीनच्या होऊ लागल्या. झिजलेल्या कणांनी माणसाच्या ऊतीत काय होतं, याचा इतका थेट प्रयोग पुन्हा कोणी केला नसावा. नैतिकता समितीचे जाडजूड अर्ज भरताना मला चार्नलींचा अनेकदा हेवा वाटला.

पॉलिथिलीनही झिजतंच, फक्त सावकाश. म्हणून १९८८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये आणि पुढे १९९७ साली बर्मिंगहॅममध्ये, धातूच्या वाटीत धातूचाच गोळा ही जुनी कल्पना नव्या घडणीत परत आली. चाळिशी-पन्नाशीतल्या, धावत्या-खेळत्या रुग्णांसाठी ती वरदानच वाटली, कारण घनफळात मोजलं तर धातूची झीज पॉलिथिलीनच्या मानाने फारच कमी. पण घनफळ हे एकच माप नव्हे. धातूचे कण इतके बारीक की एकूण चुरा थोडा असूनही कणांची संख्या प्रचंड. वर्षाला काही लाख कोटींपासून अडीचशे लाख कोटींपर्यंत, असा एक अंदाज १९९८ मध्ये मांडला गेला होता. पॉलिथिलीनच्या कणांपेक्षा तेरापासून पाचशे पटींपर्यंत जास्त. शरीरातल्या पेशी चुरा घनफळात मोजत नाहीत. त्यांना एकेक कण भेटतो.

माझ्या काळ्या पाण्यातले कण मी पहिल्यांदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा ते गोलसर, लांबट गोल, बहुतेक पन्नास नॅनोमीटरच्या आतबाहेर दिसले. भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, साधारण वीस मायक्रोमीटरची. तिच्या रुंदीत असे चारशे कण ओळीने बसतील. आमच्या गाइडबाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला, आणि मग, "छान आहेत. आता हे स्वच्छ आहेत हे मला सिद्ध करून दाखव," म्हणून त्या मीटिंगला निघून गेल्या.

'स्वच्छ' या एका शब्दापायी माझं जवळजवळ पहिलं वर्ष गेलं.

अडचण अशी. काही जंतूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो. जंतू मेला तरी तो उरतो. ऑटोक्लेव्हमध्ये वाफवलं तर जंतू मरतात, एंडोटॉक्सिन बऱ्याच अंशी तसंच राहतं. ते पाण्यात असतं, काचेवर असतं, हातमोज्यांवर असतं, आणि धातूच्या बारीक कणांना तर ते चिकटूनच बसतं. मॅक्रोफेज त्याच्या बाबतीत कमालीची हळवी. अगदी किंचित एंडोटॉक्सिन मिळालं तरी ती दाह पेटवणारी रसायनं बाहेर सोडू लागते. म्हणजे कणांवर ते बसलेलं असेल, तर आपण मोजतो तो जंतूच्या अवशेषांचा परिणाम आणि नाव घेतो धातूचं. १९९९ मध्ये टायटॅनियमच्या कणांवर झालेल्या एका कामात नेमकं हेच दिसलं होतं. कणांना चिकटलेलं एंडोटॉक्सिन काढून टाकल्यावर पेशींचा बराचसा थयथयाट शांत झाला. त्याआधीच्या वर्षांतले किती निष्कर्ष अशा न दिसणाऱ्या घाणीवर उभे होते, याचा विचार करून मी तरी गप्प झाले.

मग सुरू झाला भाजण्याचा कार्यक्रम. काचेची भांडी २५० अंशांवर, कण १८० अंशांवर चार तास. पॉलिथिलीनवर काम करणाऱ्या शेजारच्या मुलीला ही सोय नव्हती. तिचे कण वितळले असते, त्यामुळे ती बिचारी अल्कली आणि अल्कोहोलच्या धुण्यात अडकलेली. भाजून झालं की कणांचे गठ्ठे होतात, ते ध्वनिलहरींच्या हौदात फोडायचे. फोडून पेशींच्या द्रवात घातले की त्यातली प्रथिनं कणांवर चढतात आणि कण पुन्हा एकमेकांना धरतात. त्यामुळे प्रत्येक खेपेला वापरायच्या क्षणी फोडायचे आणि लगेच घालायचे. यात हुशारीचं काही नाही, निव्वळ वेळ सांभाळणं आहे.

एंडोटॉक्सिनची तपासणी हॉर्सशू क्रॅबच्या रक्तापासून केलेल्या अभिकर्मकाने होते. नावात खेकडा असला तरी हा प्राणी कोळी आणि विंचवांच्या जवळचा. रक्तात लोहाऐवजी तांबं असल्यामुळे ते निळं असतं. एंडोटॉक्सिनचा अंश लागला की त्याच्या रक्तपेशींतला द्रव गोठतो. आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावरही हे प्राणी आहेत. सलाइनपासून कृत्रिम सांध्यापर्यंत जे जे माणसाच्या अंगात जातं ते बहुतेक वेळा आधी याच्या रक्ताची परीक्षा देऊन येतं. आता त्यातलं एक प्रथिन प्रयोगशाळेत बनवून वापरता येतं, पण आमच्याकडे तेव्हा जुनीच पद्धत होती. तपासणीतही धातू लुडबुड करतो, म्हणून कणांमध्ये मुद्दाम मोजकं एंडोटॉक्सिन घालून ते तेवढंच परत सापडतं का, हेही दरवेळी बघायचं. ते सापडलं आणि मूळ नमुन्यात काहीच सापडलं नाही, तेव्हा कुठे गाइडबाईंनी मला पेशींच्या खोलीची चावी दिली.

याच सुमाराला एका अस्थिशल्यविशारदांनी आम्हाला शस्त्रक्रिया बघायला बोलावलं. धातूवर धातू घासणारा सांधा काढून नवा बसवायचा होता. रुग्णाने काढलेल्या ऊतीचा थोडा भाग संशोधनाला द्यायला लेखी संमती दिली होती. २००४ च्या ह्यूमन टिश्यू ॲक्टखाली तिची कागदपत्रं मीच घेऊन गेले होते. सांध्याचं आवरण उघडल्यावर आतून करड्या-पिवळसर रंगाचा दाट द्रव आला. मी ऑपरेशन थिएटरच्या भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या मनात पहिला शब्द आला तो पू. भोवतालची ऊती काही ठिकाणी शाई सांडल्यासारखी काळी, काही ठिकाणी फिक्कट, निर्जीव. सर्जन शांतपणे नमुने घेत होते. पाच वेगवेगळ्या जागांचे, प्रत्येकाला वेगळं हत्यार.

"हे जंतुसंसर्गाचं आहे का?" मी विचारलं.

"दिसतंय तसंच," ते म्हणाले. "दोन आठवडे कल्चर ठेवू. माझा अंदाज विचाराल तर काही उगवणार नाही."

काहीच उगवलं नाही. पू, पण जंतूंविना. ज्यांना अशा रुग्णांचा अनुभव नाही त्यांची इथे मोठी पंचाईत होते, असं ते नंतर चहा पिताना सांगत होते. सांध्यातल्या द्रवातल्या पांढऱ्या पेशी यंत्राने मोजल्या तर धातूचा चुराही पेशी म्हणून मोजला जातो आणि आकडा फुगतो. मग डॉक्टर प्रतिजैविकं सुरू करतात आणि खरं कारण धातूच्या गोळ्यात तसंच बसून राहतं. म्हणून त्यांच्याकडे अशा द्रवाची मोजणी तंत्रज्ञ स्वतः डोळ्यांनी करत.

त्या ऊतीचे काप रंगवून पाहिले. मॅक्रोफेजच्या थव्यांच्या पोटात काळे ठिपके, मधेच मृत ऊतीचे पट्टे, आणि बारीक रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींची वर्तुळं. ही वर्तुळं म्हणजे या आजाराची खूण मानतात; जर्मन शल्यविशारद हान्स-गेओर्ग विलेर्ट यांनी २००५ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं आणि तेव्हापासून तिला 'अल्व्हाल' हे आद्याक्षरी नाव पडलं. पुस्तकात ते चित्र शंभरदा पाहिलं होतं. पण ज्या माणसाचे शूज थिएटरबाहेर ठेवलेले आपण पाहिलेत त्याची ती पेशी आहे म्हटल्यावर बघणं थोडं वेगळं होतं.

आता माझ्या स्वतःच्या पेशींकडे येते. आम्ही रक्तदात्यांच्या रक्तातून मॅक्रोफेज तयार करायचो. नळीत एक जड, साखरेसारखा द्रव घ्यायचा, त्यावर रक्त अगदी अलगद सोडायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. लाल पेशी तळाला जातात, वर पिवळा प्लाझ्मा, आणि मधे दुधावरच्या सायीसारखा एक पांढरा पापुद्रा. तो पिपेटने उचलायचा. त्यातून मोनोसाइट, म्हणजे ज्यांच्यापासून मॅक्रोफेज बनतात त्या पेशी, वेगळ्या काढायच्या आणि वाढीचं एक प्रथिन घालून सहा-सात दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. गोल, तरंगत्या पेशी हळूहळू प्लेटला चिकटतात, पसरतात, पाय काढतात. मला हा टप्पा सगळ्यात आवडायचा. रविवारी संध्याकाळी कोणी नसताना जाऊन पेशी बघून यायचे.

एवढा खटाटोप का, उंदराच्या तयार पेशी स्वस्तात मिळतात, असं मला आमच्याच विभागातल्या एका प्राध्यापकांनी विचारलं होतं. तेव्हा मी उत्तर दिलं ते पुस्तकी होतं. खरं उत्तर पुढे मिळालं.

कण किती घालायचे हे प्रत्येक पेशीमागे किती घन मायक्रोमीटर, अशा हिशेबाने ठरतं. पहिल्याच रात्री सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की पेशी कण अधाशासारखे उचलतात. त्यांचं कामच ते. नकोसं काही दिसलं की ते गिळायचं, आतल्या एका पिशवीत घालायचं, तिथे आम्ल सोडायचं आणि विरघळवून टाकायचं. जंतूच्या बाबतीत ही युक्ती कोट्यवधी वर्षं चालत आली आहे. कोबाल्ट-क्रोमच्या बाबतीत ती पेशीवरच उलटते. उघड्या पाण्यात हा धातू फार हळू विरघळतो, कारण त्याच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचं पातळ कवच असतं. पण पन्नास नॅनोमीटरच्या कणाला घनफळाच्या मानाने पृष्ठभाग अफाट, आणि पिशवीतलं आम्ल ते कवच खातं. मग कोबाल्टचे आयन थेट पेशीच्या आतच मोकळे होतात.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मात्रेच्या खान्यांमधल्या पेशी आक्रसलेल्या, तिसऱ्या दिवशी बऱ्याच सुटून तरंगणाऱ्या. छोट्या मात्रेत त्या जिवंत होत्या, पण आजारी. किती जिवंत आहेत ते मोजायच्या नेहमीच्या चाचण्या रंगावर किंवा प्रकाशावर चालतात आणि काळे कण प्रकाश पितात. त्यामुळे प्रत्येक प्लेटमध्ये पेशींशिवाय नुसत्या कणांचे खाने ठेवायचे, तो आकडा वजा करायचा. हे न केलेले निबंध मी नंतर बरेच वाचले आणि बाजूला ठेवले.

पुढचा प्रयोग मला अजूनही सगळ्यात सुरेख वाटतो, जरी तो माझा स्वतःचा शोध नाही. पेशींना आधी बॅफिलोमायसिन दिलं. हे औषध पिशवीत आम्ल सोडणारा पंप बंद करतं. पेशी कण गिळतात, पण ते विरघळवू शकत नाहीत. त्या प्लेटमध्ये द्रवातला कोबाल्ट कमी निघाला आणि जगलेल्या पेशी ठळकपणे जास्त. कण तेच, संख्या तीच, पोटात गेलेलेही जवळपास तेवढेच. विष कण नव्हता. विष पेशीने आपल्या हाताने बनवलं होतं.

मेलेली पेशी फुटते, अर्धवट विरघळलेले कण बाहेर येतात, दुसरी मॅक्रोफेज ते उचलते. हे चक्र सांध्यात वर्षानुवर्षं चालतं. क्रोमियम बहुतेक तिथेच फॉस्फेटच्या रूपात साचतं, कोबाल्ट रक्तात उतरतो. म्हणून ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने २०१० मध्ये रक्तातल्या या दोन धातूंची पातळी बघायला सांगितलं आणि लिटरमागे सात मायक्रोग्रॅमच्या वर गेली की पुढची तपासणी करा, असं सुचवलं. त्याच वर्षी २४ ऑगस्टला डिप्यू कंपनीने आपले एएसआर जातीचे सांधे जगभरातून परत मागवले. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवलेले होते, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा हे प्रकरण लावून धरलं होतं, ते कित्येकांना आठवत असेल. रक्त घेण्यातही एक खाचखळगा आहे. स्टीलच्या सुईतूनही धातू येतो, म्हणून प्लास्टिकच्या कॅन्युलातून रक्त घ्यायचं, पहिली नळी टाकून द्यायची आणि धातूच्या चाचणीसाठीची खास नळी वापरायची.

कोबाल्ट रक्तात फार वाढला की काय होतं याचा एक जुना, विचित्र दाखला आहे. १९६५-६६ मध्ये कॅनडातल्या क्विबेक शहरात भरपूर बिअर पिणारी माणसं हृदय निकामी होऊन रुग्णालयात येऊ लागली. फेस टिकावा म्हणून बिअरमध्ये कोबाल्टचं लवण घातलं जात होतं. वीस माणसं गेली. खुब्याच्या रुग्णांत इतकी टोकाची अवस्था क्वचितच येते. पण येते. अलास्कातले अस्थिशल्यविशारद स्टीफन टॉवर यांच्या स्वतःच्याच खुब्यात असा सांधा होता. कानांवर, हृदयावर झालेले परिणाम आणि सांधा बदलल्यावर आलेला उतार त्यांनी २०१० साली लिहून ठेवला. कर्करोगाची भीती मात्र सगळ्यांनाच वाटते, आणि तिथे इंग्लंड-वेल्सच्या सांधे-नोंदवहीतल्या माहितीवरून २०१२ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या काही वर्षांत तरी धोका वाढलेला आढळला नाही.

माझा मूळ प्रश्न तसाच होता. स्वच्छ कणांनी पेशी मरतात हे ठीक. पण छोट्या मात्रेत जिवंत राहिलेल्या पेशी इतक्या खवळतात का? त्यांच्या द्रवात इंटरल्यूकिन-८ नावाचं रसायन भरभरून सापडत होतं. हे रसायन म्हणजे इतर पांढऱ्या पेशींना हाक. जंतू आला की सोडतात, तेच. आणि जंतू तर मी वर्षभर भाजून, धुऊन, खेकड्याच्या रक्ताने तपासून हद्दपार केलेले.

गाइडबाईंनी सुचवलं, आता कण बाजूला ठेव आणि नुसता कोबाल्ट दे. कोबाल्ट क्लोराइडचं द्रावण सुंदर गुलाबी असतं. (औषधांच्या डब्यातल्या सिलिकाच्या पुड्यांत ओल लागली की निळ्याचे गुलाबी होणारे दाणे पूर्वी यायचे, ते याच्यामुळे.) एका प्लेटवर सगळं मांडलं: एका ओळीत एंडोटॉक्सिन, एका ओळीत कोबाल्ट. मग दोन्हींबरोबर पॉलिमिक्सिन, जे एंडोटॉक्सिनला धरून निकामी करतं. आणि तिसऱ्या खेपेला दोन्हींबरोबर असं औषध, जे मॅक्रोफेजवरचा टीएलआर-४ हा ग्राहक (रिसेप्टर) बंद करतं. टीएलआर-४ चं मुख्य काम, एंडोटॉक्सिन ओळखायचं आणि जंतू आल्याची वर्दी द्यायची.

रसायन किती आहे ते रंगावरून मोजायची चाचणी म्हणजे एलायझा. तिच्या शेवटच्या टप्प्यात खाने आधी निळे होतात, आम्ल घातलं की पिवळे. जितकं पिवळं तितकं रसायन जास्त. मी आम्ल घातलं आणि यंत्रात घालण्याआधी प्लेट उजेडात धरली. एंडोटॉक्सिनचे खाने गर्द पिवळे. पॉलिमिक्सिनबरोबर फिके. अपेक्षित. कोबाल्टचे खाने पिवळे, आणि पॉलिमिक्सिनबरोबरही पिवळेच. म्हणजे घाण नाही, खरोखर कोबाल्टच. शेवटची ओळ, टीएलआर-४ बंद केलेली. तिथे एंडोटॉक्सिन फिकं. आणि कोबाल्टही फिका.

कोबाल्ट जंतूच्याच दारातून आत येत होता. जे दार मी वर्षभर एंडोटॉक्सिनसाठी बंद ठेवायला धडपडत होते, तेच.

हे मला नवीन होतं, शास्त्राला नव्हतं. निकेलच्या बाबतीत जर्मनीतल्या गटाने २०१० मध्ये हे दाखवलं होतं आणि कोबाल्टच्या बाबतीत पुढच्या दोन-तीन वर्षांत न्यूकॅसलसह आणखी गटांनी. माणसाच्या टीएलआर-४ मध्ये ४५६ आणि ४५८ या स्थानांवर हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल आहेत. हे धातू नेमके तिथे अडकतात आणि दोन ग्राहक एकमेकांशी जोडले जातात. एंडोटॉक्सिन आल्यावरही ते असेच जोडले जातात. आतल्या यंत्रणेला दोन्हींत फरक कळायला मार्ग नाही. आणि उंदराच्या टीएलआर-४ मध्ये त्या जागी ते हिस्टिडिन नाहीत. उंदराच्या पेशींवर हाच प्रयोग केला असता तर कोबाल्टचे सगळे खाने फिके निघाले असते आणि मी प्रबंधात लिहिलं असतं की कोबाल्टने दाह होत नाही. ते प्राध्यापक पुन्हा कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा हे मी त्यांना जरा जास्तच उत्साहाने सांगितलं.

थिएटरमधला तो पू आता मला उलगडला. शरीराने संसर्ग समजून जे करायचं ते सगळं केलं होतं, फक्त मारायला कोणी नव्हतं. कोबाल्टची आणखीही एक फसवणूक आहे. प्राणवायू कमी पडला की पेशी एक प्रथिन साठवू लागते, ज्याला एचआयएफ म्हणतात. कोबाल्टमुळे ते प्राणवायू भरपूर असतानाही साठतं. कितीतरी प्रयोगशाळा प्राणवायूची टंचाई नाटकापुरती उभी करायला कोबाल्ट क्लोराइडच वापरतात. म्हणजे एकाच वेळी पेशीला वाटतं की जंतू आलेत आणि श्वासही कोंडलाय.

मधल्या काळात मिरजेला खुबा बदलून घेतलेल्या माझ्या आत्याचा फोन आला. कोणीतरी तिला माझा विषय मोडून-तोडून सांगितला होता.

"अगं, तू ते खुब्यातल्या विषाचं शिकतेस म्हणे. मग माझ्यात काय घातलंय ते आधी सांग की."

"आत्या, डिस्चार्जच्या कागदांवर छोटे स्टिकर चिकटवलेले असतील, त्यांचा फोटो पाठव."

फोटो आला. सिरॅमिकचा गोळा, क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीनची वाटी. मी तिला सांगितलं की तुझ्या सांध्यात धातूवर धातू घासत नाही. पॉलिथिलीनचे कण मॅक्रोफेज गिळतात खरे, ते त्यांना पचत नाहीत, त्या दाहाची रसायनं सोडतात आणि त्यामुळे हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. पण त्याला बरीच वर्षं लागतात आणि या नव्या वाट्या जुन्यांपेक्षा खूप कमी झिजतात. एक्स-रे सांगतील तेव्हा काढत जा, आणि चालताना नवं दुखणं सुरू झालं तर अंगावर काढू नकोस. स्टिकरचे ते कागद मात्र रद्दीत घालू नकोस.

"एवढंच? त्याला इतकी वर्षं शिकावं लागलं?" आत्या म्हणाली. मग तिने वीजबिलाचा विषय काढला.

तिला मी सगळंच सांगितलं नाही. धातूचा गोळा आणि मांडीच्या हाडातला दांडा जिथे जोडला जातो, तिथल्या शंकूच्या आकाराच्या जोडातही धातू गंजतो. त्यामुळे वाटी पॉलिथिलीनची असूनही काही रुग्णांत कोबाल्ट वाढलेला आणि तीच काळी ऊती सापडली आहे. आत्याचा गोळा सिरॅमिकचा असल्यामुळे तिच्या बाबतीत हा प्रश्न फारसा नव्हता, आणि मिरजेहून फोनवर गंजाची गोष्ट काढली असती तर त्या रात्री तिला झोप लागली नसती.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मला सर्वांत जड गेलं. वेगवेगळ्या दात्यांच्या पेशींना तंतोतंत तेच कण, तीच मात्रा दिली तर उत्तर एकसारखं येत नाही. काहींच्या पेशी थोड्याशा कोबाल्टने खवळून उठायच्या. काहींच्या जवळजवळ दखलच घ्यायच्या नाहीत. सुरुवातीला मी प्लेटवर, पिपेटवर, त्या दिवशीच्या कणांवर संशय घेतला. पण तेच दाते पुन्हा बोलावले तर ते आपापल्या जागीच राहिले. सर्जनही असंच सांगत होते: रक्तात कोबाल्ट भरपूर असूनही मजेत चालणारा माणूस त्यांनी पाहिला होता, आणि कमी पातळीवर ऊती पार सडलेलाही. आपलं-परकं ओळखण्यात लिम्फोसाइटना मदत करणाऱ्या एचएलए जनुकांचे काही विशिष्ट प्रकार असलेल्या रुग्णांत सांधा लवकर बिघडतो, असं अलीकडच्या कामात दिसू लागलं आहे, तेव्हा लिम्फोसाइटचाही यात हात असणार. माझ्या प्लेटमध्ये लिम्फोसाइट नव्हत्याच, तरी फरक होता.

आलेखात सगळ्यांची सरासरी काढून एक खांब उभा करावा, तसं दिसायला नीट दिसतं, असा सल्ला मला मिळाला होता. मी प्रत्येक दात्याचा ठिपका सुटा ठेवला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी बॅफिलोमायसिनचं पान पटकन उलटलं, टीएलआर-४ वर दोन प्रश्न विचारले आणि या आलेखावर येऊन थांबले. सगळ्यात वरच्या ठिपक्यावर पेन्सिल टेकवून त्यांनी विचारलं, "या माणसाला सांधा बसवण्याआधी हे ओळखता आलं असतं का?" रक्ताची एक नळी आणि आठवडाभराचं कल्चर लागेल, पण मॅक्रोफेजपुरतं तरी ओळखता येईल, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी खर्च विचारला, आणि उरलेला वेळ आम्ही तिघं मिळून तो हिशेब करत बसलो.